रिमफायर बंदुकीचें ध्वनिशामक व त्यांतील कीट

जुन्या शस्त्रांचे अभ्यासक घडण पाहतात, धातु पाहतात, नळीवरील ठसे व अक्षरें भिंगाखालीं धरतात. परंतु नळीच्या आंत सांचलेल्या मळाकडे बहुधा कोणी पाहत नाहीं. तो मळ म्हणजे काढून टाकावयाची वस्तु, असाच सर्वांचा समज. हस्तलिखितांच्या बाबतींत मात्र आपण असें करीत नाहीं. पोथीवर पडलेला तेलाचा डाग, समासावर बसलेली दिव्याची काजळी, समोरच्या पानावर उमटलेला ओल्या शाईचा ठसा, ह्यांवरून ती पोथी कोठें व कशी वाचली गेली ह्याचें अनुमान आपण करितों. आणि एखाद्या उत्साही वारसानें पोथी घासून पुसून आणली म्हणजे कपाळास हात लावितों. शस्त्रांच्या बाबतींत हाच विवेक कां नसावा, असा प्रश्न येथें मांडावयाचा आहे. त्यासाठीं पुराणवस्तूंच्या यादींत सहसा न येणारें एक उपांग मुद्दाम निवडिलें आहे: रिमफायर काडतुसाच्या बंदुकीस लावावयाचें ध्वनिशामक नळकांडें, ज्यास पूर्वीं सायलेन्सर व आतां बहुधा सप्रेसर म्हणतात. ज्याची घडण, ज्याचें आयुष्य व ज्याची निगा हीं तिन्हीं आंतल्या कीटानें ठरविलीं, असें दुसरें शस्त्रोपांग आमच्या पाहण्यांत नाहीं.

प्रथम काडतुसाविषयीं सांगितलें पाहिजे. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. ठासणीच्या बंदुकींत दारू, गोळी व रंजक हीं तीन निरनिराळीं असत. कागदी काडतुसानें पहिलीं दोन एकत्र केलीं, व रंजकाचें काम पुढें स्फोटक टोपीनें घेतलें. हीं तिन्हीं एकाच धातूच्या कोशांत घालण्याचे जे प्रयत्न युरोपांत झाले त्यांपैकीं एक पॅरिसचा बंदूककार फ्लोबेर याचा. त्यानें १८४५ सालीं तांब्याच्या टोपीच्या तोंडांतच लहानशी गोळी बसविली. तींत दारू मुळींच नव्हती. टोपींतील स्फोटक द्रव्याच्या जोरावरच गोळी सुटे, आणि तिचा उपयोग घरांतल्या घरांत नेमबाजी करण्यापुरता होता. १८५७ सालीं अमेरिकेंतील स्मिथ व वेसन यांनीं आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठीं हीच टोपी लांबवून तींत काळी दारू घातली, आणि स्फोटक द्रव्य बुडाच्या दुमडलेल्या कांठांत भरलें. बंदुकीचा घोडा कांठावर आपटला कीं कांठ चिरडतो व द्रव्य पेट घेतें. म्हणून हें रिमफायर, म्हणजे कांठावर पेटणारें काडतूस. त्याचा व्यास ०.२२ इंच. १८८७ सालीं अमेरिकेंतील स्टीव्हन्सच्या कारखान्यानें त्याचें "लाँग रायफल" हें रूप काढिलें. त्यांत गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम वजनाची, व काळी दारू ५ ग्रेन असे. दारू बदलली, परंतु तें काडतूस आजहि जगभर वापरांत आहे.

ह्या १८५७ सालाचा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्या वर्षीं अमेरिकेंत हें धातूचें काडतूस निघालें, त्याच वर्षीं आपल्याकडे एन्फील्ड बंदुकीच्या कागदी काडतुसावरून काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. गोडसे भटजींच्या "माझा प्रवास" ह्या वृत्तांतांतहि त्या काडतुसांची हकीकत येते. चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न धर्माचा म्हणून पुढें आला व तो तसाच होता. पण मुळांत काडतुसास चरबी लावीतच कां, हें क्वचितच कोणी सांगतें. काळी दारू जळली म्हणजे तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. आंतून पेचदार खाचा पाडलेल्या नळींत हें कीट बसलें कीं पुढची गोळी खालीं उतरेना. कीट मऊ राहावें व गोळी सरकावी, एवढ्याचसाठीं ती चरबी. पुढें सरकारनें शिपायांस स्वतःच्या पसंतीचें वंगण लावण्याची मुभा दिली व मेणतेलाच्या मिश्रणाची सूचना झाली, परंतु तोंवर वेळ निघून गेली होती. एवढ्या मोठ्या उत्पातास निमित्त झालेली ती चरबी म्हणजे मळाविरुद्ध केलेली योजना होती, हें ध्यानांत ठेविलें असतां पुढील विवेचन सुलभ होईल.

रिमफायर काडतुसांतहि तीच अडचण व तोच उपाय चालत आला. ह्या काडतुसाची गोळी कोशाच्या बाहेरील व्यासाएवढीच असते. तिची फक्त टांच कोशांत शिरते. म्हणून वंगण गोळीच्या उघड्या अंगावर लावावें लागतें, आणि तें पूर्वीं चरबीचें व पुढें बहुधा मेणाचें असे. शिवाय गोळी नुसत्या शिशाची. मोठ्या बंदुकांच्या गोळीवर असतें तसें तांब्याचें कवच तीवर बहुधा नसतें. फार तर तांब्याचा पातळ मुलामा असतो. नळींतून जातांना शिसें खरवडलें जातें, आणि मागून येणाऱ्या तप्त वायूनें गोळीच्या बुडाचा अंश वितळून त्याची वाफ होते. त्यांत कांठांतील स्फोटक द्रव्याची राख मिसळते, व एवढ्याशा दारूच्या मानानें ही राख पुष्कळ असते. कित्येक कारखाने त्या द्रव्यांत घर्षणासाठीं कांचेची पूडहि घालीत. मेण, शिसें, राख, अर्धवट जळलेली दारू व कांच, असें हें पंचामृत प्रत्येक गोळीबरोबर नळीच्या तोंडाकडे धांवतें. साध्या बंदुकींत त्यांतील बराच भाग हवेंत जातो. पुढें नळकांडें लावलें असेल तर तो त्यांतच अडकून राहतो.

हें नळकांडें प्रथम बाजारांत यशस्वीपणें आणिलें हायरम पर्सी मॅक्सिम यानें. ज्या मॅक्सिम तोफेचें नांव आपल्याकडील लष्करी वृत्तांतांतून येतें, तिचा कर्ता हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा ह्याचा बाप. बापानें जगांतील सर्वांत गोंगाटी शस्त्रांपैकीं एक निर्माण करावें व मुलानें बंदुकीचें तोंड बंद करण्याचा धंदा करावा, हा दैवयोग मौजेचा खरा. स्नानाच्या टबांतील पाणी भोंवरा करीत मोरीवाटे जातांना पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असें मुलगा सांगत असे. मार्च १९०९ मध्यें त्यास अमेरिकेंत पेटंट मिळालें, आणि पुढच्याच वर्षींच्या नमुन्यांत त्यानें गोळीचें छिद्र मध्यापासून वर सरकवून ठेविलें, कारण नळकांड्यामुळें नेमाची माशी झांकूं नये. मोटारगाडीच्या धुराड्यावरील शामकाचें तत्त्वहि हेंच, व त्याच्या कंपनीनें पुढें इंजिनांचा आवाज मारण्याचें काम मोठ्या प्रमाणावर केलें.

आंतील रचना समजण्यास जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. दिंडी-दरवाजांतून गर्दी एकदम आंत घुसली तरी पहिला चौक, दुसरा चौक, तिसरा चौक असें करीत ती परसदारीं पोंचते तेव्हां तिचा वेग मेलेला असतो. नळकांड्यांत असेच एकामागून एक पडदे व त्यांमधील चौक असतात. गोळी मधल्या छिद्रांतून सरळ निघून जाते. मागचा वायु मात्र प्रत्येक चौकांत पसरतो, फिरतो, थंडावतो, व बाहेर पडतांना पूर्वींसारखा धडाका करीत नाहीं. गोळी ध्वनीच्या वेगाहून जलद असेल तर तिचा स्वतःचा कडाका हवेंत होतो व त्यास नळकांड्याचा इलाज नाहीं. ०.२२ च्या मंद गोळीस तो कडाका नसतो, म्हणून हें उपांग ह्याच काडतुसास विशेष शोभलें. परंतु वायु थंडावणें म्हणजेच त्यांतील शिशाची वाफ पडद्यावर गोठणें होय. ज्या क्रियेनें आवाज मरतो त्याच क्रियेनें मळ सांचतो. दोन्ही वेगळे करतां येत नाहींत. मोठ्या रायफलीच्या नळकांड्यांत दाब व उष्णता इतकी असते कीं बरेंचसें कीट आपोआप उडून जातें. रिमफायरचा दाब त्यामानानें थोडा, म्हणून येथें कीट थरावर थर चढतें. पहिल्या कांहीं पडद्यांवर तें सर्वांत अधिक असतें. हजारों गोळ्या झाडल्यावर नळकांड्याचें वजन हातास जाणवण्याइतकें वाढतें, आणि पडदे बाहेरच्या नळीस असे चिकटतात कीं ते ठोकूनहि निघत नाहींत.

येथपर्यंत शिशाची गोष्ट झाली. परंतु पहिल्या पिढीच्या नळकांड्यांचा खरा वैरी दुसराच होता. काळ्या दारूच्या काळांत बंदूक गरम पाण्यानें धुण्याची चाल सर्व देशांत होती. गजास ओली चिंधी गुंडाळून नळी धुवावी, कोरडी करावी व तेल द्यावें. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएय यानें धूरविरहित दारू सिद्ध केली व ती हळूहळू सर्वत्र पसरली. नळींत काळें कीट दिसेना, तेव्हां पाण्याची गरज संपली असें लोकांस वाटलें व ते नुसतें तेल लावूं लागले. आणि नळ्या पूर्वींपेक्षां अधिक गंजूं लागल्या! नव्या दारूस दोष देण्यांत आला. पुढें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समध्यें हफ यानें केलेल्या संशोधनावरून दोष दारूचा नसून स्फोटक टोपीचा आहे हें स्पष्ट झालें. त्या काळच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतें, व तें आपल्या मिठाचें सख्खें भावंड. तें हवेंतील ओल ओढून घेतें व लोखंड खातें. तेलांत तें विरघळत नाहीं, पाण्यांत मात्र तत्काळ विरघळतें. म्हणजे आजे लोक पाण्यानें बंदूक धूत तें बरोबर होतें, जरी कारण त्यांस वेगळें वाटत होतें; आणि नातवंडें तेल लावून गंजास पांघरूण घालीत होतीं.

नळीस निदान गज घालतां येतो. पडद्यांमागील चौकांत गज जात नाहीं, ब्रश पोंचत नाहीं, आणि ओल शिरली तर निघत नाहीं. पोलादी मॅक्सिम नळकांडें बाहेरून निळसर झिलईचें व आंतून गंजानें पोखरलेलें असण्याचा संभव म्हणूनच मोठा. १९२६-२७ मध्यें रेमिंग्टन कंपनीनें "क्लीनबोर" नांवाचीं अक्षारक काडतुसें अमेरिकेंत आणिलीं, जर्मनींतहि त्याच सुमारास "सिनॉक्सिड" द्रव्य निघालें, व क्लोरेटच्या जागीं शिशाचें स्टिफ्नेट आलें. गंजाचा प्रश्न बव्हंशीं मिटला. त्याच्या मोबदल्यांत कीटांतील शिशांत आणखी भर पडली.

दुसऱ्या महायुद्धांत ह्या मळाचा विचार शस्त्राच्या रचनेंतच करण्यांत आला. अमेरिकेच्या ओ. एस. एस. ह्या गुप्त खात्यासाठीं हाय स्टँडर्ड कंपनीनें ०.२२ चें एच-डी-एम नांवाचें पिस्तुल केलें. त्याच्या नळीस बारीक छिद्रें पाडून भोंवतीं धातूच्या जाळीची गुंडाळी व पुढें जाळीच्या चकत्यांची चवड बसविलेली असे. जाळी उष्णता चटकन् शोषून घेते, पण तितक्याच चटकन् तुंबते. म्हणून ती धुण्याच्या भानगडींत न पडतां कांहीं शें गोळ्यांनंतर काढून नवी घालावी, अशीच योजना होती. लष्करी कामासाठीं त्यांत कवचाची गोळी वापरीत. हेतु हेग येथील करारांचें पालन हा होता, पण कवचामुळें शिसेंहि कमी सांचे. १ मे १९६० रोजीं सोव्हिएट प्रदेशावर पाडण्यांत आलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक पॉवर्स याजजवळ असेंच पिस्तुल सांपडलें व तें मॉस्कोंत लोकांस दाखविण्यांत आलें.

जी वस्तु शिपायासाठीं उपभोग्य, ती नागरिकाच्या हातीं मात्र आजन्म सांभाळण्याची झाली, आणि हा फरक कायद्यानें घडविला. १९३४ च्या अमेरिकन कायद्यानें प्रत्येक ध्वनिशामकाची नोंद सक्तीची केली व हस्तांतरावर दोनशें डॉलर कर बसविला. त्या काळीं ही रक्कम वस्तूच्या किंमतीच्या कित्येक पट होती. इतकेंच नव्हे, सुटा पडदाहि कायद्याच्या दृष्टीनें ध्वनिशामकच ठरत असल्यामुळें मालकास झिजलेला पडदा बाजारांतून आणून बसवितां येईना. १९६८ सालीं महिनाभर नोंदणीची माफी मिळाली, तीत राहून गेलेलीं जुनीं नळकांडीं पुढें बेकायदेशीरच राहिलीं. वस्तु बदलतां येत नाहीं म्हटल्यावर ती धुण्याचें शास्त्र वाढणारच. रिमफायरचें नळकांडें उघडतां येण्यासारखें असावें, पडदे टिटॅनियमचे अथवा गंजरोधक पोलादाचे असावे, दर कांहीं शें गोळ्यांनंतर ते काढून घासावे, हा आजचा प्रघात त्यांतून रूढ झाला. (भारतांत असलीं उपांगें शस्त्र कायद्याच्या नियंत्रणाखालीं येतात, हें संग्राहकांनीं विसरूं नये.)

ह्याच प्रघातांतून एक घातक उपायहि निघाला, व संग्राहकांपर्यंत तो पोंचला आहे म्हणून त्याविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. शिर्का व हायड्रोजन पेरॉक्साइड समभाग मिसळून त्यांत पडदे टाकिले म्हणजे शिसें फसफसून विरघळतें व पडदे लखलखीत होतात. परंतु तें शिसें कोठें जातें? त्याचें अ‍ॅसिटेट होऊन तें पाण्यांत उतरतें. हीच ती जुन्या युरोपीय रसायनज्ञांची शिशाची साखर. चवीस गोड, आणि विष. धातुरूप शिशापेक्षां तें शरीरांत फार सहज शिरतें. तें पाणी मोरींत ओतणें हा अपराध होय. पडदे अ‍ॅल्युमिनियमचे असले तर तेहि खराब होतात. शिर्क्याच्या वाफेनें शिशाचें काय होतें हें आपल्या चित्रकारांस नवें नाहीं. शिशाचे पत्रे शिर्क्यावर टांगून जो पांढरा रंग करीत तोच सफेता. ओक वगैरे लांकडांच्या बंद कपाटांतहि अशीच आम्ल वाफ साठते, व तेथें ठेविलेल्या शिशाच्या वस्तूंवर पांढरी पूड धरते. ती पूड दिसल्यास फुंकर मारूं नये. ती श्वासाबरोबर आंत जाते.

आतां मूळ प्रश्नाकडे. कीट हा पुरावा आहे काय? आमच्या मतें आहे, आणि तो बराच बोलका आहे. चौकांतील थरांत पारा व पोटॅशियमचा क्षार हीं दोन्हीं सांपडलीं, तर तें नळकांडें जुन्या टोप्यांच्या काळांत वापरलें गेलें असें म्हणण्यास आधार मिळतो. गंधकयुक्त काळें कीट काळ्या दारूची साक्ष देतें. तांब्याचा अंश कवचाच्या किंवा मुलाम्याच्या गोळीचा. एकावर एक थर वेगळ्या जातीचे असतील तर वस्तु दोन काळांत वापरलेली. अर्थात् जलचिन्हावरून कागदाचा काळ ठरवितांना जी सावधगिरी आपण बाळगतों तीच येथें पाहिजे: क्षारयुक्त काडतुसें अक्षारक निघाल्यावरहि कित्येक वर्षें खपत होतीं, तेव्हां एकट्या क्षारावरून निर्णय देऊं नये. पण एखाद्या विक्रेत्यानें "कधींहि न वापरलेलें" म्हणून पुढें केलेल्या नळकांड्याच्या तिसऱ्या चौकांत शिसें आढळलें, तर वाद उरत नाहीं.

येथें हस्तलिखिताची उपमा एका ठिकाणीं थांबते. पोथीवरील काजळी पोथी खात नाहीं. नळकांड्यांतील क्षार मात्र रोज लोखंड खातो. पुरावा राखावा तर वस्तु जाते, वस्तु राखावी तर पुरावा जातो. "कशासहि हात लावूं नये" असें म्हणणारा पक्ष आहे; आम्हांस तो मान्य नाहीं. शिसें व क्षार यांचा न्याय वेगवेगळा केला पाहिजे. शिसें स्थिर असेल, पूड धरीत नसेल, तर तें जेथल्या तेथें राहूं द्यावें. त्यापासून पोलादास फारसें भय नाहीं. क्षार मात्र काढलाच पाहिजे, पण नमुना घेतल्यावर. नळकांडें उघडणारें असेल तर पडद्यांचा क्रम व प्रत्येकाची बाजू आधीं टिपून छायाचित्र घ्यावें. प्रत्येक चौकांतील चिमूटभर कीट ओलसर असतांनाच, हातमोजे घालून, लांकडी काडीनें काढून वेगळ्या कांचनळींत ठेवावें व तीवर चौकाचा अनुक्रम लिहावा. कोरडा ब्रश चालवूं नये. हें काम माजघरांत किंवा पोथ्यांच्या मेजावर तर मुळींच करूं नये. मग पोलादी भाग गरम शुद्ध पाण्यांत पुन्हां पुन्हां बुडवावे. शेवटच्या पाण्याच्या थोड्या भागांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकिले असतां पांढरा गढूळपणा आला तर क्षार अजून शिल्लक आहे असें समजून आणखी एक पाणी द्यावें. नंतर अल्कोहोलनें ओल काढावी, मंद उष्णतेवर वाळवावें, व पातळ तेलाचा हात द्यावा. हें पाणी शिसेंमिश्रित असतें, म्हणून तें साठवून विषारी कचऱ्याच्या रीतीनेंच द्यावें.

कायम बंद केलेलें नळकांडें कापून उघडण्याचा मोह मात्र आवरावा. शिसें क्ष-किरणांस अडवितें, त्यामुळें न उघडतां काढलेल्या क्ष-किरण चित्रांत पडद्यांची रचना व कोणत्या चौकांत किती कीट आहे हें दोन्ही दिसूं शकतें. अशा वस्तूच्या दोन्ही तोंडांतून गरम पाणी फिरवून पूर्ण वाळवण्यापलीकडे कांहीं करूं नये. आणि सर्वांत आधीं, पाण्याचा थेंबहि लागण्यापूर्वीं, वस्तु ग्रॅमच्या तराजूवर तोलून तें वजन नोंदवहींत लिहावें. पुढें सारख्याच नमुन्याचें, कीटरहित नळकांडें कोठें सांपडलें, तर दोहोंतील अंतर म्हणजे त्याच्या आयुष्यांत त्यानें गिळलेलें शिसें होय.